चमकीच्या डब्यावरची चिठ्ठी

ह्या महिन्यात मी तीन पत्रे लिहिली. पहिले शहरातल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानदारास, दुसरे संबंधित सरकारी खात्यास, आणि तिसरे पुन्हा त्याच दुकानदारास, कारण पहिल्याचे उत्तर त्याने दिले नाही. शेजारच्या घरी लग्न होते. नवरीच्या मैत्रिणी आरशापुढे बसून पापण्यांवर आणि गालांवर चमकी चिकटवीत होत्या. मी बाटली मागून घेतली, चष्म्यावर भिंग धरले आणि वाचली. बाटलीच्या बुडाशी अगदी बारीक अक्षरांत छापले होते की हा माल कागद, कापड व लाकूड यांवरील सजावटीसाठी आहे. मी ते मोठ्याने वाचून दाखविले. मुली हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "आजोबा, सगळ्याच लावतात." ही बाटली त्यांनी काजळाच्या आणि ओठांच्या रंगांच्या फळीवरून उचलली होती. ती तेथे ठेवणाऱ्यास ती कशाची आहे हे ठाऊक होते.

सगळ्याच लावतात, हा बचाव कोणत्याही न्यायालयात टिकत नाही. तो दुकानात टिकतो, शाळेत टिकतो आणि घरात टिकतो. ह्या रागाला जे म्हातारपणाची किरकिर म्हणतात त्यांना मी एवढेच सांगतो की हा राग साठ वर्षांहून जुना आहे आणि त्याचे कागद माझ्याजवळ आहेत.

मी त्या काळी अमरावतीच्या दिवाणी कोर्टात नक्कल विभागात कारकून होतो. निकालपत्रे, साक्षी, खरेदीखते यांच्या नकला करणे हे माझे काम. त्या कामाचा नियम असा की जे आहे ते जसेच्या तसे उतरवायचे, मूळ कागदात चूक असेल तर चुकीसकट. कागद फाटला असेल, शाई सांडली असेल किंवा मजकुरावर काही चिकटविलेले असेल, तर त्या जागी कंसात लिहायचे: मूळ मजकूर अवाचनीय. ही नोंद न करता जो पुढे जातो तो खोटी नक्कल करतो, असे आमचे वरिष्ठ सांगत. मला हा नियम फार आवडे. आमच्या पूर्वजांच्या हाती कागद येऊ दिला गेला नव्हता. माझ्या हाती आला होता, आणि त्यावर एक अक्षरही मी इकडचे तिकडे होऊ देत नसे.

वडील नव्हते. आई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जात असे. छप्पन सालानंतर आमच्या घरी देव्हारा उरला नव्हता. त्या कोनाड्यात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली माझ्या धाकट्या बहिणीची पुस्तके. ती मुलींच्या शाळेत अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, होती. आमच्या वस्तीतून मॅट्रिकला बसणारी ती पहिली मुलगी. तिला मास्तरीण व्हायचे होते, आणि हे ती कोणी विचारले नसतानाही सांगत असे.

त्या वर्षी चमकीची लाट आली होती. लग्नातल्या नवरीच्या गालांवर चमकी, गणपतीच्या मेळ्यातल्या मुलांच्या कपाळावर चमकी, वरातीपुढे नाचणाऱ्यांच्या भुवयांवर चमकी. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचे ग्रहताऱ्यांचे नृत्य ठरले, आणि माझी बहीण त्यात मधोमध उभी राहणारी शुक्राची चांदणी झाली. नृत्य बसविण्यासाठी शाळेने एक बाई हंगामी म्हणून ठेवल्या होत्या. त्या कोणा नातेवाइकाच्या लग्नाला अकोल्यास गेल्या आणि तेथल्या बांगड्या-रिबिनींच्या मनिहारी दुकानातून सोनेरी भुकटीचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यावर इंग्रजी मजकूर होता. कोर्टातल्या भावाला इंग्रजी येते, असे बहिणीने त्यांना अभिमानाने सांगितले होते. एका रविवारी सकाळी बाई स्वतः आमच्या घरी आल्या.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचे समजणार नाही. आईने बाईंपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाई तो उचलून पाणी प्यायल्या. आमच्या घरी त्यापूर्वी कोणी मास्तर, मास्तरीण आली नव्हती. आली असती तर दारातूनच बोलून गेली असती. आई त्या तांब्याकडे पाहत राहिली. नंतर तिने चहा ठेवला. त्यानंतर त्या घरात बाईंना नाही म्हणेल असे कोणी उरले नव्हते, आणि त्यात मीही आलो.

बहिणीने डबा दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. मी साक्ष वाचावी तसा उभा राहून वाचू लागलो. फिकट सोनेरी. जवसाच्या तेलात कालवावे. मऊ ब्रशाने एकसारखा हात द्यावा. पूर्ण सुकेपर्यंत स्पर्श करू नये. शब्दाला शब्द लावून मी त्याचे मराठी केले. खालच्या अर्ध्या भागावर दुकानदाराने आपली चिठ्ठी डकविली होती आणि तिच्यावर लाल शाईने लिहिले होते: फॅन्सी चमकी, नाटक-गॅदरिंग स्पेशल. चिठ्ठीच्या कडेखालून छापील ओळीची दोन-तीन अक्षरे बाहेर डोकावत होती. ती मला दिसली. मी त्यांवरून पुढे गेलो.

"जवसाचं तेल?" आई म्हणाली. "मंग त घरचंच हाय. जवसानं कोनाचं वाईट झालं?"

हे तिचे म्हणणे वऱ्हाडात कोणीही मान्य केले असते. जवसाची चटणी, जवसाचे तेल, दोन्ही आमच्या चुलीपाशी रोजची. ज्या वस्तूवर जवसाचे तेल लिहिले आहे ती अंगाला वाईट असेल, हे आमच्या डोक्यात येणे शक्यच नव्हते. रंगारी जवसाचे तेल कशासाठी वापरतात हे मला माहीत नव्हते, आणि मी विचारलेही नाही. बाईंनी मात्र विचारले. त्या म्हणाल्या, "म्हणजे चेहऱ्याला चालेल ना?"

मी म्हणालो, "तशी काही मनाई केलेली दिसत नाही."

हे माझे शब्द होते. ते मी पुढे कित्येक आठवडे कोणालाही सांगितले नाहीत. आईने घाण्याच्या जवस तेलाची छोटी बाटली भरून बाईंच्या पिशवीत ठेवली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गॅसबत्त्या लावल्या होत्या. मागच्या मुलींच्या कपाळावर चमकीचे ठिपके तेवढे होते. माझ्या बहिणीचा सगळा चेहरा, पापण्यांसकट, रंगविलेला होता. ती मधोमध आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका पुढे सरकून पाहू लागल्या. आई माझ्याशेजारी तरटावर बसली होती. तिने माझा दंड धरला. तो प्रकाश मला आजही दिसतो, आणि तो आठवला की मला माझी चीड येते, कारण मला तो सुंदर वाटला होता.

नृत्य संपल्यावर रंग निघेना. साबणाने निघेना, खोबरेल तेलाने निघेना. गॅसबत्तीच्या धगीने आणि घामाने तो गालांवर चिकट सालीसारखा बसला होता. बाईंनी फडक्यावर घासलेट घेतले आणि घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचे डोळे उघडत नव्हते. गाल सुजून वर आले होते, घासल्या जागी कातडे सोलले होते आणि त्याच्या कडांना हिरवट झाक होती. तीन आठवडे पट्ट्या होत्या. पट्ट्या निघाल्या तेव्हा दोन्ही गालांवर, पापण्यांवर आणि हनुवटीवर पांढरे डाग उरले, आणि ते दिवसेंदिवस अधिक पांढरे होत गेले.

ती शाळेत गेली. दुसऱ्याच दिवशी तिला दाराजवळचा बाक मिळाला, आणि त्या बाकावर ती एकटी. लोक आधी कोड म्हणाले, नंतर महारोग म्हणाले. मी हे घरी सांगायला लागलो तेव्हा आईने मला थांबविले. ती म्हणाली, "बाक वेगळा देल्ला म्हणजे काय देल्लं, ते मले नोको सांगू. मी ते पायलं हाय."

मी मुख्याध्यापिकांना भेटलो. त्यांची मराठी स्वच्छ होती आणि त्यांनी मला बसण्यास सांगितले नाही.

"मुलीच्या तोंडावर जे पांढरं दिसतं आहे ते काय आहे, हे आम्ही कसं सांगणार?" त्या म्हणाल्या. "इतर पालक तक्रार करतात. तुमच्यात असं कुणाला आहे का?"

"आमच्यात म्हणजे कोणात?" मी विचारले.

त्यांनी टाक खाली ठेवला. "घरात, असं मला म्हणायचं होतं."

आठवड्याच्या आत शाळेचे पत्र आले. सदर विद्यार्थिनीचा विकार संसर्गजन्य नाही असे वैद्यकीय प्रमाणपत्र सादर होईपर्यंत तिला वर्गात पाठवू नये. मॅट्रिकच्या परीक्षेचा फॉर्म मुख्याध्यापिकांच्या सहीवाचून जात नसे, आणि त्याची मुदत महिनाभराने संपत होती. म्हणजे पत्राचा अर्थ वर्गात येऊ नये एवढाच नव्हता. बहीण ते पत्र वाचून पुस्तके आवरू लागली. आवरून तिने ती पुन्हा तसबिरीखाली जशीच्या तशी मांडली आणि मला म्हणाली, "फारम भरतो ना, भाऊ?" मी हो म्हणालो.

मग मी पत्रे लिहू लागलो. शाळेला लिहिले की ही इजा आपल्याच संमेलनात, आपल्याच शिक्षिकेने लावलेल्या पदार्थाने झाली आहे, तेव्हा तसे लेखी द्यावे. उत्तर आले की त्या दिवशी विद्यार्थिनींच्या चेहऱ्यास केवळ साधी पावडर लावण्यात आली होती. त्याखाली नृत्याच्या बाईंचीही सही होती. आमच्या घरचे पाणी प्यायलेल्या बाईंची. त्यांची नोकरी हंगामी होती, हे मी जाणतो. ही सबब मी तेव्हाही मान्य केली नाही आणि आजही करीत नाही. नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला लिहिले. त्यांनी कळविले की सदर वस्तू खाद्यपदार्थ नसल्याने ह्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. औषधांच्या खात्याला लिहिले. त्यांनी कळविले की सदर वस्तू औषध नाही. मी उलट विचारले की मग माणसाच्या तोंडाला जे लावले जाते ते कोणत्या खात्याचे? ह्या पत्राचे उत्तर आले नाही. औषधांच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधने पुढे काही वर्षांनी आली, हे मी त्या कायद्याचे पुस्तक विकत घेऊन वाचले तेव्हा कळले. माझ्या बहिणीच्या तोंडाला जे लागले ते तेव्हा कोणाचेच नव्हते.

कपाळावर ठिपके लावलेल्या मुलींपैकी दोघींना पुरळ उठले होते. मी त्यांच्या घरी गेलो. एकीच्या आईने दार लोटून घेतले. दुसरीचे वडील कापसाच्या अडतीवर मुनीम होते, त्यांनी मला ओट्यावर बसविले, माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमची गोष्ट सोळा आने खरी हाय. पन माह्या पोरीसाठी यंदा स्थळ पाहून राहिलो. कागदावर तिच्या तोंडाचा विषय नोको." मुलगी आत भिंतीआड उभी होती. तिच्या कपाळावर केस पुढे ओढलेले होते.

ह्या सगळ्या पत्रांत मी सर्व काही लिहिले होते, दिनांक, वेळ, उपस्थितांची यादी. एक गोष्ट तेवढी लिहिली नव्हती. डबा कोणी वाचला ते.

कातडीच्या विकारांचा जाणकार डॉक्टर त्या वेळी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात आहे असे मला कळले. फॉर्मच्या मुदतीस बारा दिवस राहिले होते. मी रजा टाकली, बहिणीला घेतले आणि संमेलनानंतर शाळेच्या मोरीजवळ टाकलेला तो रिकामा डबा, जो बहिणीने उचलून आणला होता, धोतराच्या फडक्यात बांधला. बडनेऱ्याला गाडी बदलली. बहिणीने पदर पुढे ओढून घेतला होता. मूर्तिजापूरला एक बाई कडेवर मूल घेऊन चढली आणि आमच्यासमोर बसली. वाऱ्याने पदर मागे गेला. बाईने मुलाचे तोंड आपल्या खांद्यावर दाबले आणि उठून दाराशी जाऊन अकोल्यापर्यंत उभी राहिली. बहीण खिडकीबाहेर पाहत होती. ती म्हणाली, "तिले उभं राहावं लागलं, भाऊ. बसाले सांग ना तिले. मी उठतो." मी तिला बोलावले नाही. मला त्या बाईचा राग आला होता. तो अन्यायाचा होता, पण आला होता.

आधी आम्ही दुकानात गेलो. बांगड्या, गजरे, रिबिनी, आरसे, आणि मागच्या फळीवर तेच डबे, एकावर एक. मी रिकामा डबा गल्ल्यावर ठेवला आणि विचारले की हा माल आपण कशासाठी विकता.

दुकानदाराने डबा फिरवून पाहिला. "पेशल माल हाय, साहेब. नाटकवाले नेतात, बँडवाले नेतात. सीजनले माल पुरत नाई."

मी बहिणीला पुढे बोलाविले. तिने पदर बाजूला केला. त्याने एकदाच पाहिले आणि आरशांकडे तोंड वळविले.

"मी कुठी म्हटलं तोंडाले लावा?" तो म्हणाला.

"चिठ्ठीवर आपल्या हातचे गॅदरिंग स्पेशल लिहिले आहे."

"गॅदरिंगले पडदे असतात, मुकुट असतात, सिंहासन असते. ते रंगवतात. तोंड म्हनून मी लिवलं काय? दाखवा."

ह्याच भाषेत मीही माझ्या घरात उत्तर दिले होते. मनाई केलेली दिसत नाही. तो बोलत असताना माझी नजर फळीवर गेली. दोन डब्यांवर चिठ्ठी अजून डकवायची राहिली होती. मी त्यांतला एक मागितला आणि वाचला. चिठ्ठीखाली जी ओळ असायची ती तेथे उघडी होती: चौकटी, लोखंडी जाळ्या व मूर्ती यांच्या रंगकामासाठी. धातूची भुकटी. त्वचेपासून दूर ठेवावी.

मी डबा विकत घेतला आणि त्याच्यावर काय लिहिले आहे ते पावतीवर लिहून द्या म्हणालो. तो म्हणाला, "पावती पैशाची भेटते, लिवलेल्याची नाई." मग त्याने माझ्यादेखत उरलेल्या दुसऱ्या डब्यावर चिठ्ठी डकविली. डिंकाचा ब्रश त्याच्या हाताशीच होता. वऱ्हाडात मी पुष्कळ बदमाश पाहिले आहेत. कोर्टात कामच ते. पण इतक्या शांतपणे, गिऱ्हाईक समोर उभे असताना, दुसऱ्याच्या मुलीचे तोंड वाचविणारी सूचना झाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी बहिणीला खिडकीपाशी बसवून तिचे गाल बराच वेळ तपासले. महारोगात कातडी बधिर होते, म्हणून टाचणीने टोचून कोठे कळते, कोठे कळत नाही ते विचारले. तिला सगळीकडे कळत होते. त्यांनी नव्या डब्यातली चिमूटभर भुकटी काचेच्या तुकड्यावर घेऊन भिंगाखाली धरली आणि मला पाहण्यास सांगितले. मला वाटले होते ती पिठासारखी असेल. ते पातळ पातळ पत्रे होते, कडा तुटक्या, काचेच्या चुऱ्यासारखे.

"पितळेचा चुरा आहे," ते म्हणाले. "घामाने हिरवा होतो, कातडीला चिडवतो. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून तर रंगारी वापरतात. त्याने हा चुरा कातडीवर धरून ठेवला आणि मग वरून घासलेटाने घासला. रंग गेला तो इजेने गेला. हा रोग नाही. कोणाला लागण्यासारखं ह्यात काही नाही."

मी म्हणालो, एवढेच लिहून द्या.

ते म्हणाले, "रोग नाही हे मी लिहीन. पण पांढरा डाग पाहिला की लोक कागद वाचत नाहीत. कशाने झालं हेही लिहिलेलं असेल तरच तुमची शाळा ऐकेल. आणि ते मी ऐकीव लिहू शकत नाही. शाळा तर पावडर लावली म्हणते. कोणी, काय, कोणाच्या सांगण्यावरून लावलं, ह्याचा पाहणाऱ्या माणसाचा सहीचा जबाब मला द्या. तो जोडून मी लिहितो."

आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. पाहणारी माणसे चार. बाईंनी सही करून नाकबूल केले होते. बहीण अल्पवयीन. आई निरक्षर, तिचा अंगठा शाळेने उडवून लावला असता. चौथा मी. मी जबाब दिला तर त्यात तेल कोणी सांगितले हे येणार, आणि ते आले की शाळेविरुद्धच्या व दुकानाविरुद्धच्या माझ्या सगळ्या तक्रारींचा पाया निखळणार. पालकाने स्वतः वाचून संमती दिली, एवढे एकच वाक्य त्यांना पुरे होते. मी बहिणीला म्हणालो की मला तुला काही सांगायचे आहे.

ती म्हणाली, "मले मालूम हाय. डबा त मीच धरला होता, तू वाचून राहिला तवा. चिठ्ठीच्या खाली अक्षरं होती. मले बी दिसली."

"मग तू बोलली कशी नाहीस?"

"कोनाले? शाळेतल्या मोठ्या बाईनं मले तीनदा विचारलं, तेल कोनं सांगतलं. मी तोंडच उघडलं नाई."

"काहून?"

"तुयी सरकारी नोकरी हाय. आन् तू त्या दिवशी किती खुशीत वाचून राहिला होता."

मी खिशातून कागद काढला. दवाखान्याच्या कारकुनाकडून टाक मागून घेतला आणि बाकावरच जबाब लिहिला. त्यातला एक परिच्छेद येथे उतरवितो, जसाच्या तसा:

'सदर डब्यावरील इंग्रजी मजकूर मी स्वतः वाचला व त्याचे मराठी करून शिक्षिकेस सांगितले. चेहऱ्यास लावण्यास मनाई नाही असे मत मी दिले. डब्याच्या खालील भागावरील मूळ मजकूर चिठ्ठीने झाकलेला होता. तो झाकलेला असल्याचे मला दिसले होते. मी चिठ्ठी काढली नाही व मजकूर अवाचनीय असल्याचे सांगितले नाही. मी धंद्याने नकलनवीस आहे.'

शेवटचे वाक्य कायद्याने आवश्यक नव्हते.

डॉक्टरांनी जबाब दोनदा वाचला आणि त्याला जोडून प्रमाणपत्र लिहिले. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी प्रमाणपत्र बाजूला सारले आणि माझा जबाब वाचला. वाचताना तांबड्या पेन्सिलीने त्या परिच्छेदाच्या कडेला एक रेघ ओढली.

"म्हणजे पालकांनीच," त्या म्हणाल्या. "मग शाळेविरुद्धच्या तक्रारी मागे घेतल्याचं पत्र द्या. फॉर्म मी आजच पाठवते."

प्रमाणपत्र हाती असताना सही अडवून ठेवण्याचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही ठाऊक होते. मी वरिष्ठांकडे दाद मागू शकलो असतो आणि जिंकलो असतो, परीक्षा होऊन गेल्यावर. बहीण दाराबाहेर उभी होती. मी पत्र लिहून दिले. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते; मी फक्त 'तक्रार चालवू इच्छित नाही' असे लिहिले, 'तक्रार नाही' असे लिहिले नाही. त्यांनी हा फरक पाहिला आणि सोडून दिला. फॉर्मवर सही झाली. बहीण आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसली तेव्हा शेजारची मुलगी थोडी सरकली. जागा करून देण्यासाठी सरकली की लांब जाण्यासाठी, हे बहिणीने मला कधी सांगितले नाही.

ती मॅट्रिक झाली. पुढे मास्तरीण झाली, धामणगाव रेल्वेला पहिली नेमणूक, नंतर आणखी चार-पाच गावे. डाग कायमचे राहिले. पहिल्या नेमणुकीवर निघण्याआधी तिने माझ्याकडे त्या जबाबाची आणि प्रमाणपत्राची नक्कल मागितली, आणि मी ती कोर्टाच्या सहीशिक्क्याच्या नकलेसारखी काळजीपूर्वक करून दिली. प्रत्येक नव्या शाळेत पहिल्या दिवशी कोणी ना कोणी तिच्या तोंडाकडे पाहून खुर्ची मागे घेई. ती नक्कल पुढे ठेवी. घडीवर कागद विरला की मी नवी करून देई. अशा अकरा नकला मी केल्या. अकरा वेळा मी तो परिच्छेद स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

दुकानदारावरची तक्रार मी मागे घेतली नव्हती. तिचे काही झाले नाही. दोन वर्षांनी अकोल्यास कोर्टाच्या कामाने गेलो तेव्हा डबे त्याच फळीवर होते. चिठ्ठी आता हाताने लिहिलेली नव्हती, छापून घेतलेली होती.

दहा दिवसांपूर्वी बहिणीशी टेलिफोनवर बोलताना मी तिला त्या लग्नातल्या मुलींचे आणि माझ्या पत्रांचे सांगितले. ती आता निवृत्त होऊनही पुष्कळ वर्षे झाली. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "दुकानदाराले लिवतो त लिव, भाऊ. पन आपलं बी लिव त्यात. नाईतर तो मनंल, म्हातारा रिकामा हाय."

म्हणून तिसऱ्या पत्रासोबत मी जबाबाची बारावी नक्कल जोडली आहे, आणि त्या बाटलीच्या बुडाशी छापलेली ओळ मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर उतरवून दिली आहे. दुकानदाराने ती फळीवर, बाटल्यांच्या समोर, गिऱ्हाइकाला दिसेल अशी लावावी, अशी माझी मागणी आहे. उत्तरासाठी मी त्याला पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. आज नववा दिवस आहे.